तुळसाबाई आणि न थांबणारी मोटर

किन्हीराजात तुळसाबाईच्या तोंडून कोणाबद्दल बरा शब्द निघाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हा रडून झाल्यावर तिनं त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, "मानूस वाईट नव्हता, पन कामाचाही नव्हता." मूलबाळ नव्हतं. भाऊबंदांनी जमिनीकडे डोळे लावले, तेव्हा बाई विळा घेऊन स्वतः शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. इंद्रभान नावाचा सालदार गडी ठेवला आणि शेत राखलं. इंद्रभान कष्टाळू होता, शिवाय कमी बोलायचा. बाईच्या हाताखाली टिकायचं तर माणसाला अर्धं बहिरं असावं लागे, आणि ते त्याला चांगलं साधलं होतं.

गावातल्या मोठ्या माणसांना तिनं एकेक विशेषण चिकटवून ठेवलं होतं. बबनराव सरपंच, त्यांचं कापडाचं दुकान. उन्हाळ्यातही कोट आणि डोक्यावर भलंमोठं पागोटं. त्यांच्याबद्दल ती म्हणे, "पोयाची झूल वर्षभर घालून हिंडनारा बैल." जगदेव तिचा लांबचा दीर, पंचायतीतला पंच. त्याच्याकडे दोन दमण्या होत्या. पळणारे बैल जुंपलेल्या त्या हलक्या गाड्या लोक येण्याजाण्याला भाड्यानं घेत. जगदेवबद्दल ती म्हणे, "ऊन पाहून सावली विकते थो." आणि गावाबाहेरच्या तांड्यातली बंजारा माणसं तर तिच्या लेखी वाऱ्यासोबत उडून आलेला पाला होती. उद्या वारा फिरला की जातील. ती तीन पिढ्या तिथंच होती, ही गोष्ट वेगळी.

तिचं घर मालेगाव-कारंजा सडकेला लागून होतं. दारात ढोरांना पाणी प्यायची दगडी डोणी, डोणीजवळ खुंटा, खुंट्याला म्हैस, म्हशीमागं उकिरडा. सन छत्तीसच्या सुमारास या सडकेवरून सर्व्हिस मोटर सुरू झाली. मालेगावहून निघायची, कारंज्याला जायची, संध्याकाळी परत यायची. कारंज्याला छोट्या रेल्वेचं स्टेशन होतं, त्यामुळे कारंजं गाठलं की माणूस मुर्तिजापूर, अकोला कुठंही जाऊ शके. पण मोटर किन्हीराजाला थांबत नसे. धुरळा उडवून, भोंगा वाजवून निघून जायची आणि थांबायची ती एकदम शेलू बाजाराला. मोटर पकडायची तर शेलूपर्यंत पायी जा, नाहीतर जगदेवची दमणी करा.

बबनरावांना हे लागलं. मोटरीच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसून आपल्याच गावात उतरावं, गावानं ते पाहावं, ही त्यांची मोठी हौस. ते कारंज्याला जाऊन मोटरवाल्या सेठला भेटून आले. सेठ म्हणाला, तुमच्या गावात सडकेवर ढोरं बसलेली, गाड्या सोडलेल्या, शेणाचे ढीग. माझा ड्रायव्हर तिथं कशाला थांबेल? आधी गाव साफ करा.

झालं. मारुतीच्या पारावर पंचायत बसली. तुळसाबाईही पदर सावरून पाराच्या पायरीशी बायांत येऊन बसली. तांड्यातला रूपला, बैलगाडीवर माल वाहणारा पिकल्या मिशांचा माणूस, तोही आला होता. पण तो आणि त्याच्यासोबतचे दोघे पारावर चढले नाहीत, निंबाखाली उभेच राहिले. त्यांना वर या म्हणण्याची कोणाला गरजही वाटली नाही.

बबनरावांनी घसा खाकरून घाणीचे कायदे सांगितले. सडकेवर ढोर बांधायचं नाही. सडकेच्या काठी उकिरडा करायचा नाही. मोरीचं पाणी सडकेवर सोडायचं नाही. आणि बाजाराच्या दिवशी सडकेवर गाड्या सोडायच्या नाहीत.

"पन आपल्याले मोटर पाह्यजेच कायले?" जगदेव म्हणाला. "तिचा धूर दुभत्या ढोराले बाधते. शेलूत दूध नासून राह्यलं म्हनतेत. अन् आपल्या बायाईनं परक्या मानसाच्या मांडीले मांडी लावून बसावं काय?"

"तुह्या दमनीत बाया कोनाच्या मांडीले मांडी लावतेत रे जगदेव?" तुळसाबाई पायरीवरून म्हणाली. "मारुतीच्या?"

लोक हसले. जगदेवही हसला. त्याला काही लागत नसे, हीच त्याची खुबी.

मग कायदे घासूनपुसून घ्यायला सुरुवात झाली. कोणीतरी म्हणालं, सरपंचाच्याच मोरीचं पाणी सडकेवर येतं. बबनराव म्हणाले, ते सोडलेलं पाणी नव्हे, तिथं उतार आहे, पाणी आपसूक येतं, त्याला कोण काय करणार? पंचांना पटलं. पाटलाचा उकिरडा सगळ्यांत मोठा होता, पण तो वाडवडिलांपासूनचा होता, म्हणून त्याला हात लावू नये असं ठरलं. जगदेवच्या दमण्या रोज सडकेवर उभ्या असत. "दमनी म्हंजे गाडी नोहे," जगदेव म्हणाला, "थे वाहन हाये." तेही पटलं. असं पटता पटता शेवटी कायद्यात दोनच गोष्टी उरल्या: तुळसाबाईची म्हैस, आणि तांड्याच्या गाड्या.

"वा!" तुळसाबाई म्हणाली. "कायदा म्हंजे पायलेलं कुत्रं. ज्यानं भाकर टाकली त्याले सोडून बाकीच्याईले चावते."

"तुळसाबाई, कायदा सगळ्याईले सारखाच असते," बबनराव म्हणाले.

"हाव ना. पाऊसही सारखाच पडते. पन तुमच्या घरावर कौलं हायेत." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्यातला लमानाईच्या गाड्याईचा कायदा तेवढा बरा हाये. बाजाराच्या दिवशी दारातून पाय बाहीर टाकता येत नाही. पन माह्या म्हशीचा मी मानत नाही. काय कराचं थे करा."

निंबाखाली रूपलानं ते ऐकलं. त्यानं बरोबरच्यांना खूण केली आणि तिघं निघून गेले.

यात एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. तुळसाबाईचा उजवा डोळा दोन वर्षांपासून गढूळ झाला होता आणि आता डावाही त्याच वाटेला लागला होता. तिनं ते कोणाला कळू दिलं नाही. माणसं ती आवाजावरून, चालीवरून, जोड्याच्या करकरीवरून ओळखायची. गावाला नावं ठेवणारीला गावाचे चेहरेच दिसत नाहीत, हे गावाला कळलं तर गाव काय म्हणेल, याची तिला पुरती कल्पना होती. कारण गावाच्या जागी ती असती, तर ती स्वतः काय म्हणाली असती हे तिला माहीत होतं. फक्त इंद्रभानला अंदाज आला होता, आणि इंद्रभान बोलत नसे.

म्हैस खुंट्यावरून हलली नाही, म्हणून पुढच्या पंचायतीत तिला बोलावणं आलं. बाई तयारीनं गेली. बबनराव नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसले असणार. खुर्चीच्या पाठीवर पांढुरकं मोठं पागोटं तिला धूसर दिसलं. ती समोर उभी राहिली आणि सुरू झाली.

"बबनराव, तुमच्या बापानं याच पारावर बसून गावात हीर खंदली. तुमी काय खंदलं? माह्या म्हशीचा खुंटा! मोटरच्या पुढच्या शिटावर बसासाठी गावाले झाडू माराले लावता. अन् तोंड खाली काहून घातलं? वर पाहा. बोला ना आता. दातखीय बसली काय?"

पारावर कोणी हूं की चूं करेना. तिला वाटलं, बोलणं लागलं. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. बबनराव कधीचे पान थुंकायला पाराच्या मागं गेले होते. जाताना उकडतं म्हणून पागोटं काढून खुर्चीच्या पाठीवर अडकवलं होतं.

"वयनी," जगदेव गोड आवाजात म्हणाला, "पागोटं कवाचं आयकून राह्यलं. आता त्याले जबाब तर देऊ द्या!"

पार असा हसला की निंबावरचे कावळे उडाले. बबनराव मागून आले, त्यांना काय झालं ते कळलं आणि तेही हसले. म्हशीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. तुळसाबाई वळली. वळताना तिचा पाय पायरीवरून हुकला आणि इंद्रभाननं तिचा दंड धरला. आजवर तिनं त्याला दंड धरू दिला नव्हता. त्या दिवशी घरापर्यंत सोडवून घेतला नाही.

ती मग दाराबाहेर निघेना. नदीवर जाणाऱ्या बाया तिच्या दारावरून जाताना एकमेकींना म्हणायच्या, "पागोट्याले राम राम करा व माय!" आणि खिदळायच्या. आत बसून ती ते ऐकायची. दुसऱ्यांना हसण्यात उभा जन्म गेला होता. दुसऱ्यांचं हसू कानावर झेलायची सवय नव्हती. या गावाला अक्कल नाही, हे तिचं मत तिनं बदललं नाही. उलट जास्त पक्कं केलं. पण बिनअकलेच्या माणसांचं हसणंही तितकंच बोचतं, हे तिला या वयात कळलं.

एके सकाळी ती इंद्रभानला म्हणाली, "अकोल्याच्या दवाखान्यात डोये कापून साफ करतेत म्हनतेत ना?"

"हाव."

"मंग चाल."

अकोल्याला जायचं तर आधी कारंजं गाठायला हवं. बाई सडकेवर जाऊन उभी राहिली. मोटरीची घरघर ऐकू आली तसा तिनं हात वर केला, इंद्रभाननं उपरणं हलवलं. मोटरीनं भोंगा वाजवला, दोघांच्या तोंडावर धुरळा टाकला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

जगदेवला कुठून तरी कळलंच. तो दारात येऊन उभा राहिला. "वयनी, मले सांगाचं ना. माही दमनी कोनाची हाये? तुमचीच. फक्त म्हैस तेवढी मांगं आवारात बांधा, म्हंजे पंचायतीत माही मान राहीन."

"जगदेव, तुह्या दमनीत बसन्यापरीस मी आंधयी बरी," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दारातल्या डोणीवर बैल पाणी पीत असल्याचा आवाज आला. रूपलाची गाडी होती. तो कापूस भरून कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनात चालला होता. मागच्या बाजारात त्याचे बैल सडकेवर सोडले म्हणून कोंडवाड्यात घातले होते, आणि ते सोडवायला त्याला चांगलाच दंड बसला होता. तरी पाणी पाजायला तो इथंच थांबला, कारण सडकेवर दुसरी डोणी नव्हती.

बाई बाहेर आली. तांड्याच्या माणसाकडे तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. "कारंजाले चालला काय रे?"

"हाव."

"मले न्यायचं."

रूपलानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "नेतो. पन मले पैसा नको. बाजाराच्या दिवशी आमच्या गाड्या तुमच्या आवारात सोडू द्या. सडकेवर सोडल्या का पंचायत बैल नेते."

तुळसाबाईचं आवार मोठं होतं, रिकामं होतं. तिथं तांड्याच्या गाड्या, तांड्याची माणसं, त्यांची चूल, त्यांची गाणी. तिनं तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "शेन माहं."

"शेन तुमचं," रूपला म्हणाला.

बाई गाडीत बसली ती अशी की जणू गाडीवर उपकार करते आहे. कापसावर आपली सतरंजी अंथरली, आपल्या तांब्यात आपलं पाणी घेतलं, आपली भाकर आपल्या फडक्यात. इंद्रभान मागून चालत होता. गाडी गावाबाहेर पडली. मग पुढून रूपला हसल्यासारखा आवाज आला.

"काहून हसून राह्यला रे?"

"काही नाही बाई."

"काही नाही म्हून येडे हसतेत."

"मंग सांगू? माहा आजा याच वाटेनं मीठ आने. तवा सडक नव्हती. बैलाच्या पाठीवर गोन्या टाकून तांडाच्या तांडा चाले. तुमच्या गावचे मोठे मोठे मानसं वेशीवर येऊन वाट पाहत, तांड्याचा नायक कवा येते म्हून. आज त्याईचे नातू पारावर बसून ठरवतेत, का लमानाचा बैल घान करते. म्हून हसलो." त्यानं बैलांना चुचकारलं. "अन् तुमी त्याईच्याच संगतीतल्या."

"म्या काय केलं?"

"लमानाईचा कायदा तेवढा बरा हाये म्हनलं ना. मी निंबाखाली होतो."

तुळसाबाईला उत्तर सुचलं नाही असं नाही, दोन-तीन सुचली. पण गाडी त्याची होती आणि शिवाय तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. गावात तिला लोक भीत, मागून शिव्या देत, तोंडावर 'बाई, बाई' करत. समोरासमोर, शांतपणे, बैल हाकता हाकता कोणी तिला हलकं लेखलं नव्हतं. ज्या माणसांची तिला कीव येई त्यांचीच या माणसालाही येत होती, फक्त त्यांत त्यानं तिलाही धरलं होतं.

"तुह्ये बैल लय हयू चालतेत," ती अखेर म्हणाली.

"हयू चालतेत म्हून तुमी अजून पडल्या नाही," रूपला म्हणाला.

कारंज्याला त्यानं तिला स्टेशनावर उतरवलं. ती 'बरं झालं' म्हणाली नाही. त्यानंही ऐकायला थांबून वेळ घालवला नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात आधी एक आणि मग दुसरा असे दोन्ही डोळे कापले. पट्टी बांधून उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, जास्त बोलायचं नाही, असा हुकूम होता. मान हलवायची नाही ते तिनं पाळलं. इंद्रभान भाकर कुस्करून तिच्या तोंडात घालायचा आणि शेजारच्या खाटांवर कोण कोण आहे ते तिला सांगायचा. उभ्या नोकरीत बोलला नसेल तेवढं तो तिथं बोलला. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि तिनं पहिल्यांदा इंद्रभानकडे पाहिलं. तो म्हातारा झाला होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

येताना कारंज्याहून ती मोटरीत बसली. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी कोट घालून, पागोटं सांभाळत बबनराव बसले होते. तुळसाबाईनं चष्म्यातून त्यांना नीट न्याहाळलं. वर्षानुवर्षं ज्याच्यावर तिनं एवढे शब्द खर्च केले, तो माणूस केवढासा होता! कानात केस, मानेवर मळ.

शेलूला मोटर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "किन्हीराजावाले उतरा."

"मी सरपंच हाये," बबनराव म्हणाले. "गाव साफ केलं आमी. आता गावात थांबव."

"तिथं थांबता येत नाही साहेब. सडकेवर ढोरं असतेत."

बबनराव खाली उतरले. समोर जगदेवची दमणी उभी होती. जगदेव लगबगीनं आला, सरपंचाच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना दमणीत बसवलं. मग इकडंतिकडं पाहून त्यानं फडक्यानं तोंड बांधलेली एक चरवी ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवली. तुपाचा वास तुळसाबाईपर्यंत आला. नाकाला आधी कळलं आणि डोळ्यांनी साक्ष दिली. मोटर गावात थांबू नये म्हणून जगदेव ड्रायव्हरला तूप चारत होता, आणि शेलूला उतरलेली माणसं भाड्यानं गावात आणत होता. मोटरीच्या धुरानं दूध नासतं म्हणणारा तोच.

बाई मागून येणाऱ्या एका रिकाम्या बैलगाडीत बसून घरी आली आणि पुढच्या पंचायतीची वाट पाहत राहिली. पंचायत भरली तशी चष्मा लावून पारावर गेली. या वेळी खुर्चीत कोण आहे हे आधी पाहून घेतलं. मग जे पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगितलं.

जगदेवचा चेहरा हलला नाही. "तूप देल्लं. मंग? ड्रायव्हर मानूस दिवसभर उन्हात राह्यते. पाव्हना हाये आपला."

तुळसाबाईनं बबनरावांकडे पाहिलं. बबनरावांनी कोटाचं बटण चाचपलं. "आता असं हाये तुळसाबाई, जगदेवची दमनी नसती तर लोकाईनं शेलूवरून पायी यावं काय? थेही एक सोयच हाये." सरपंचाला जगदेव दमणीतून फुकट आणत होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गावानं माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालंसुद्धा, जगदेवरावानं गावासाठी पदरचं तूप घातलं.

तिला वाटलं होतं, जगदेव तोंड लपवेल, निदान बबनराव चिडतील. तिनं पारावरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं. आता ती तोंडं तिला स्वच्छ दिसत होती, आणि दिसत नव्हती तेच बरं होतं असं तिला वाटून गेलं.

"लाज वाटासाठी बी आतून मानूस असावा लागते," ती म्हणाली आणि घरी आली.

दुसऱ्या सकाळी मोटरीची वेळ झाली तशी तिनं म्हशीचं दावं सोडलं, म्हैस सडकेच्या मधोमध आडवी उभी केली आणि स्वतः दावं धरून तिच्याजवळ उभी राहिली. मोटर आली. भोंगा वाजला. म्हैस रवंथ करत राहिली. भोंगा पुन्हा वाजला, म्हशीनं शेण टाकलं. ड्रायव्हर खाली उतरला.

"बाई, म्हैस हटवा!"

"हटवते ना बापा. मी म्हातारी, डोये कापलेले. दम धर जरा."

तेवढ्यात गावातली शेलूला निघालेली माणसं, पायी जाणारी, दमणीचं भाडं न परवडणारी, गाठोडी घेऊन मोटरीच्या मागच्या दारानं चढली. कंडक्टरनं भाडं मागितलं, त्यांनी दिलं. घेतलेलं भाडं परत कोण देतो? मोटर निघाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर माणसं आधीपासूनच म्हशीजवळ येऊन बसली.

पंचायतीनं तिला दंड केला, तिनं भरला नाही. मग म्हैस कोंडवाड्यात घातली. त्या दिवशी सडक मोकळी होती आणि मोटर न थांबता गेली. पण त्याच दिवशी बबनरावांना अकोल्याच्या कोर्टातल्या तारखेसाठी निघायचं होतं. कारंज्याला जाणारी मोटर इथंच पकडू अशा विचारानं कोट घालून ते सडकेवर उभे होते. जगदेवच्या दमण्या एका लग्नाला गेल्या होत्या. मोटर आली, भोंगा वाजवून पुढं गेली. बबनराव तिच्यामागं धावले. एका हातानं पागोटं, एका हातानं धोतर धरून सरपंच धावत होते आणि पाटलाच्या उकिरड्यापर्यंत धावून मग थांबले. गाव पाहत होतं आणि हसत होतं. गावाच्या हसण्यात तुळसाबाई मिसळली नाही. हसण्याची पाळी आली की हे गाव कोणालाही हसतं, हे तिला आता ठाऊक झालं होतं. त्या हसण्याची तिला किंमत उरली नव्हती.

संध्याकाळी बबनराव स्वतः कोंडवाड्यातून म्हैस सोडवून, दावं हातात धरून तिच्या दारात आले. "दंड माफ," ते खाली पाहून म्हणाले.

"माफी कोनी मांगली होती?" तिनं दावं घेतलं.

पुढं महिनाभरात कारंज्याच्या सेठला कळलं की किन्हीराजाला रोज इतकी माणसं चढतात. सेठनं ड्रायव्हरला हुकूम दिला आणि मोटर आपसूकच थांबू लागली. भाड्याच्या पैशापुढं जगदेवच्या तुपाचा वास फिका पडला. जगदेवनं एक दमणी विकली आणि मोटर आपणच आणली असं लोकांना सांगू लागला. लोकांना तेही पटलं. घाणीचा कायदा काही रद्द झाला नाही. तो जिथं होता तिथंच राहिला. बबनरावांच्या मोरीचं पाणी सडकेवर येत राहिलं.

मोटर थांबू लागली तसा नवा वाद निघाला: तांड्याच्या माणसांनी मोटरीत बसावं की नाही. पारावर दोन-तीन बैठका त्यावर झाल्या. कंडक्टर भाडं देईल त्याला बसवत होता, म्हणून बैठकीत ठरलेलं कोणी पाळलं नाही. तुळसाबाई त्या बैठकांना गेली नाही. बाजाराच्या दिवशी तिच्या आवारात तांड्याच्या गाड्या सुटत, चुली पेटत. ती दारातून ओरडत राही, "लाकडं इकडं टाकू नका, पोरं आवरा, केवढा हा गोंधय!" आणि सकाळी शेण मोजून उकिरड्यावर टाकी.

एकदा ती डोळे दाखवायला अकोल्याला निघाली होती. मोटरीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती. रूपलाची बायको नानीबाई आरशांचा घागरा सावरत, डोक्यावर गाठोडं घेऊन चढली आणि उभी राहिली. मागं बसलेल्या बबनरावांच्या पुतण्यानं कंडक्टरला काहीतरी खुणावलं.

तुळसाबाई जरा सरकली. "बस," ती म्हणाली. "पन माह्या लुगड्याले टेकू नको."

"तुमच्या लुगड्याले काय पाहाचं हाये बाई?" नानीबाई बसत म्हणाली. "माह्या घागऱ्याचे आरसे पाहा. पाय लावान तर फुटतीन."

तुळसाबाईनं वळून घागऱ्याकडे पाहिलं. मग आपला पाय मागं घेतला. मोटर सुरू झाली आणि शेलू येईपर्यंत दोघी एकमेकींकडं न पाहता बबनरावांच्या पुतण्याला नावं ठेवत राहिल्या.